शेतातला उंदीर आणि पेटीतला साप : आहार-मार्गदर्शिकेच्या प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, जळगाव

पाळीव विदेशी सापांच्या आहाराविषयी मराठीत एक छोटी मार्गदर्शिका तयार करण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. प्राणिशास्त्र विभागातील आम्ही दोघे शिक्षक, पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थी आणि शहरातील एक पशुवैद्यक असा आमचा गट आहे. जळगाव, भुसावळ आणि धुळे येथे बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक पाळणारी काही घरे आमच्या परिचयाची आहेत. पैदास केलेले पांढरे उंदीर पुण्या-मुंबईहून मागवणे त्यांना महाग आणि गैरसोयीचे पडते. म्हणून शेताच्या बांधावर, धान्याच्या गोदामात किंवा घरच्या पिंजऱ्यात सापडलेला उंदीर सापापुढे टाकला जातो. "साप रानात हेच तर खातो" हे त्यामागचे समर्थन प्रत्येकाच्या तोंडी आहे, आणि वरवर पाहता ते इतके पटण्याजोगे आहे की "धोका असतो" एवढ्याच उत्तराने कोणाचे समाधान होणार नाही. धोका कोणता, तो उंदराच्या शरीरात नेमका कुठे असतो, सापापर्यंत कसा पोचतो आणि कोणत्या उपायाने टळतो किंवा टळत नाही, हे उलगडून दाखवावे लागेल.

मार्गदर्शिकेची मर्यादा पहिल्याच पानावर स्पष्ट करायची आहे. धामण, नाग, तस्कर, मांडूळ, अजगर हे आपल्याकडचे साप घरी पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे आणि त्यांच्या "आहाराचा सल्ला" आम्ही कोणालाही देणार नाही. या कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यातील चौथ्या अनुसूचीत वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराखालील (सायटीस) विदेशी प्रजाती आल्या, आणि बॉल पायथन त्यांत मोडतो. २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्याची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. ज्याच्याकडे ती नोंद नाही, त्याने आहाराआधी तिचा विचार करावा.

१५ जून २०२५, चोपडा तालुका

तापीकाठच्या एका शेतावर दिवसभर होतो. पाऊस अजून नीट झालेला नसल्यामुळे काळी जमीन फाटलेली आहे आणि त्या भेगांमध्येच मऊ केसांचा शेतउंदीर राहतो. बांधावर मात्र मातीचे ताजे ढिगारे दिसतात, ते बांध पोखरून धान्य साठवणाऱ्या मोठ्या उंदराचे. केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या कुरतडलेल्या दिसल्या. शेताचे मालक, ज्यांना सगळा गाव नाना म्हणतो, ते म्हणाले, "आमना वावरमा उंदीर गैरा व्हयी ग्यात" (आमच्या शेतात उंदीर फार झाले आहेत). पेरणीच्या आधी, म्हणजे उंदरांची संख्या वर्षात सर्वांत कमी असते तेव्हाच, बंदोबस्त करावा असा कृषी खात्याचा सल्ला असतो आणि नानांनी तो पाळला होता. त्यांच्या आजूबाजूच्या शेतांतही हेच काम सुरू होते.

नानांचा पुतण्या जळगावातल्या एका सापवाल्याला अधूनमधून उंदीर देतो. विद्यार्थ्यांनी त्याला पकडण्याची रीत विचारली. त्याने सरळ सांगितले की पिंजरा लावण्याची गरजच पडत नाही. सकाळी बांधावर एखाद-दुसरा उंदीर उघड्यावर मंदपणे फिरताना दिसतो आणि तो टोपलीखाली सहज सापडतो. त्या मुलाच्या मनात काहीही वाईट नव्हते. पण निरोगी शेतउंदीर निशाचर असतो, माणसाची चाहूल लागताच बिळात शिरतो, आणि दिवसाउजेडी उघड्यावर रेंगाळणारा उंदीर बहुतेक वेळा आजारी किंवा विष खाल्लेला असतो. म्हणजे सापापर्यंत पोचणारा उंदीर हा शेतातल्या उंदरांचा सरासरी नमुना राहत नाही. जो सर्वांत सहज सापडतो तोच निवडला जातो, आणि सर्वांत सहज सापडणारा उंदीर हाच सर्वांत घातक असतो. मार्गदर्शिकेचा गाभा हाच असावा असे मला आजच वाटू लागले आहे.

२२ जून २०२५, जळगाव

विषांचे प्रकरण लिहायला घेतले. खानदेशात शेतकरी ज्याला नुसते "औषध" म्हणतात त्यात प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि सापाच्या दृष्टीने त्यांचे परिणाम वेगळे आहेत, म्हणून त्या एकत्र लिहिणे योग्य होणार नाही.

पहिले झिंक फॉस्फाइड, करड्या-काळ्या रंगाची पावडर. आधी दोन-तीन दिवस बिनविषारी भरड धान्य ठेवून उंदरांना सवय लावतात आणि मग ९६ भाग धान्य, २ भाग गोडे तेल आणि २ भाग पावडर असे आमिष बिळात टाकतात. उंदराच्या जठरातील आम्लाशी या पावडरीचा संयोग होऊन फॉस्फिन वायू तयार होतो आणि उंदीर काही तासांत मरतो. उंदराला ओकारी करता येत नाही, त्यामुळे खाल्लेले विष बाहेर पडत नाही. हे विष मांसात साठत नाही, ही त्यातली एक बाजू. पण साप उंदराचे पोट बाजूला काढून खात नाही, तो उंदीर सगळाच गिळतो, आणि त्या जठरात न विरघळलेली पावडर असेल तर ती सापाच्या आम्लधर्मी जठरात जाऊन तोच वायू पुन्हा तयार करते. पशुवैद्यकांनी येथे एक इशारा घालायला सांगितला: असा संशयित उंदीर कोणीही बंद खोलीत कापून पाहू नये, कारण तो वायू माणसालाही घातक आहे.

दुसरे ब्रोमॅडिओलोन. हे तयार वड्यांच्या रूपात किराणा दुकानातही मिळते आणि शेतासाठी ०.२५ टक्क्यांचे मिश्रण धान्यात मिसळून ०.००५ टक्क्यांवर आणतात. ते रक्त गोठण्यासाठी लागणाऱ्या के जीवनसत्त्वाचा शरीरातील पुनर्वापर थांबवते. रक्तातले आधीचे गोठणघटक संपेपर्यंत उंदराला काहीच होत नाही आणि मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. पुरेशी मात्रा एकाच वेळच्या खाण्यात पोटात जाते, मृत्यू मात्र काही दिवसांनी येतो, आणि मधल्या काळात तो उंदीर पुन्हा पुन्हा आमिष खात राहतो. मरण्याच्या वेळी त्याच्या अंगात मारक मात्रेपेक्षा कितीतरी जास्त विष असते. ते यकृतात महिनोन्‌महिने टिकते. गव्हाणी घुबडासारखे उंदरांवर जगणारे पक्षी या विषाने दुय्यम बाधेला, म्हणजे विष खाल्लेला उंदीर खाल्ल्याने होणाऱ्या बाधेला, बळी पडतात, हे जगभर नोंदले गेले आहे. सरपटणारे प्राणी सस्तन प्राण्यांपेक्षा या गटातील विषांना अधिक तग धरतात असे काही प्रयोगांत दिसले आहे, आणि हे मी मार्गदर्शिकेत लपवणार नाही. पण जो साप वर्षभर एकाच शेतातले उंदीर खातो त्याच्या यकृतात प्रत्येक घासागणिक भर पडत जाते, आणि "तग धरतो" याचा अर्थ "त्याला काही होत नाही" असा कोणी घेऊ नये.

तिसरे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, ज्या बिळात टाकून बीळ लिंपून घेतात. त्यांच्या वापरावर कायदेशीर निर्बंध आहेत. या वायूने मेलेला उंदीर सहसा बिळातच राहतो, त्यामुळे तो सापवाल्याच्या हाती क्वचितच येतो. तरीही येथे एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण ती मनाला लागते. त्याच बिळात धामण, नाग किंवा तस्कर आसऱ्याला असतो आणि तोही गुदमरतो. वर्षभर फुकट राखण करणारा प्राणी बिळाच्या तोंडाशी माती लिंपताना कोणाच्या ध्यानात येत नाही.

दुपारी एका विद्यार्थिनीने विचारले की पिंजऱ्यातल्या उंदराला काही दिवस चांगले धान्य घालून ठेवले आणि तो जगला तर तो सुरक्षित मानावा का. झिंक फॉस्फाइडपुरते त्याचे उत्तर बरेचसे होकारार्थी आहे. ब्रोमॅडिओलोनच्या बाबतीत नाही, कारण मारक मात्रेहून थोडे कमी विष खाल्लेला उंदीर जगतो आणि ते विष यकृतात बाळगून राहतो. हा प्रश्न तिच्याच शब्दांत मार्गदर्शिकेत घ्यायचे ठरले.

३ जुलै २०२५, जळगाव

पशुवैद्यकांच्या दवाखान्यात संध्याकाळी बसलो. विषय परजीवींचा होता.

जन्मापासून पेटीत वाढलेल्या सापाच्या अंगात रानटी सापांचे बहुतेक कृमी नसतात, कारण त्या कृमींचे जीवनचक्र पुरे व्हायला मधला यजमान लागतो आणि तो यजमान म्हणजे रानातला उंदीर, बेडूक, पाल किंवा किडा. पेंटास्टोमिड गटाचे कृमी घ्या. प्रौढ कृमी सापाच्या फुप्फुसात राहतो. त्याची अंडी श्वासनलिकेतून वर येतात, गिळली जातात आणि विष्ठेतून जमिनीवर पडतात. उंदीर ती खातो, अळी त्याच्या यकृतात किंवा आतड्याच्या पडद्यात कोष करून बसते, आणि दुसऱ्या सापाने तो उंदीर गिळला की अळी जठराची भिंत भेदून त्याच्या फुप्फुसाकडे जाते. आशियातून अमेरिकेतील फ्लोरिडात गेलेल्या अजगरांबरोबर यांतली एक जात तिकडे पोचली आणि आता तिथल्या स्थानिक सापांमध्येही आढळते. तिला उंदरापेक्षा बेडूक-पालींची वाट सोयीची आहे. माणसाच्या पोटात या कृमींची अंडी गेली तर त्यालाही बाधा होऊ शकते, म्हणून सापाची पेटी साफ करणाऱ्याने हातमोजे घालावेत आणि ते काम स्वयंपाकघराच्या मोरीत करू नये.

स्पायरोमेट्रा नावाच्या पट्टकृमीचे प्रौढ रूप कुत्र्या-मांजरांत असते आणि त्याची अळी बेडकातून, उंदरातून सापाच्या स्नायूंत येते. सापाच्या कातडीखाली मऊ, सरकणाऱ्या गाठी दिसतात त्या पुष्कळदा याच अळीच्या असतात. पेटीतला साप रानातल्या सापाहून वेगळ्या अडचणीत असतो. रानात साप विष्ठा टाकून पुढे जातो. पेटीत तो तिच्याजवळच राहतो, ताण आणि चुकीचे तापमान यांमुळे त्याची प्रतिकारशक्ती कमी असते, आणि थेट प्रसार होणाऱ्या कृमींचे ओझे तिथे वाढत जाते. "रानात हेच तर खातो" याला माझे उत्तर असे आहे की रानात तो हे खातो आणि त्याची किंमतही मोजतो. पण रानात मेलेला साप आपल्याला दिसत नाही.

डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट मला नवीन होती. सापाच्या विष्ठेत दिसणारी सगळीच अंडी सापाच्याच कृमींची नसतात. उंदराच्या आतड्यातील सूत्रकृमींची आणि पट्टकृमींची अंडी सापाच्या पोटातून न पचता तशीच बाहेर पडतात. क्रिप्टोस्पोरिडियम या एकपेशीय परजीवीचे तर अधिकच गुंतागुंतीचे: सापाच्या जठराची भिंत जाड करून त्याला उलट्या करायला लावणारी जात वेगळी आणि उंदरातील जाती वेगळ्या, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यातला फरक करणे अवघड असते आणि जनुकीय चाचणीशिवाय निर्णय देता येत नाही. रानातला उंदीर खाल्लेल्या सापाचा तपासणी अहवाल त्यामुळे गढूळ होतो. ज्याला आजार नाही त्याच्यावर उपचार होतात आणि ज्याला आहे त्याचे निदान लांबते. आमच्या जिल्ह्यात सापांचे आजार जाणणारे पशुवैद्यक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, तेव्हा ही अडचण किरकोळ मानता येणार नाही.

२० जुलै २०२५, भुसावळ

रेल्वे वसाहतीत राहणाऱ्या एका काकांनी बोलावले होते. त्यांचा बॉल पायथन काही आठवडे खात नव्हता. या जातीत ते नेहमीचे आहे. वजन टिकून असेल तर प्रौढ साप दीर्घ काळ उपाशी राहतो आणि आपणहून खायला लागतो. काकांना काळजी वाटली आणि त्यांनी पिंजऱ्यात सापडलेला जिवंत उंदीर रात्रभर पेटीत ठेवला. सकाळी सापाच्या पाठीवर दोन ठिकाणी कातडी आणि खालचा स्नायू कुरतडलेला होता. जखमा डॉक्टरांनी धुऊन औषध सुरू केले आहे आणि साप वाचेल अशी खात्री वाटते. काका फार व्यथित होते. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण कोणी त्यांना आधी सांगितलेच नव्हते.

पैदास केलेला पांढरा उंदीरही चावतो, पण गोदामातला उंदीर पूर्ण वाढलेला, मांजरांशी आणि आपल्या जातभाईंशी झुंजलेला असतो, पेटीत त्याला पळायला जागा नसते, आणि काही तासांत त्याला भूकही लागते. खाण्याच्या मनःस्थितीत नसलेला साप स्वतःचा बचाव करत नाही. सापाचा पू पातळ नसून घट्ट, चिजासारखा असतो; तो आपोआप वाहून जात नाही, शस्त्रक्रियेने काढावा लागतो. जिवंत भक्ष्य मुळीच देऊ नये, हे वाक्य मार्गदर्शिकेत ठळक अक्षरांत जाईल.

चिकट फळीवर अडकलेले उंदीर सोडवून वापरणारेही आहेत असे येथे कळले. तो गोंद सापाच्या तोंडात आणि दातांत अडकतो.

२९ जुलै २०२५, नागपंचमी, धुळे

सर्पमित्रांच्या बैठकीत अर्धा तास मिळाला. त्यांचा प्रश्न पाळीव सापांचा नव्हता, तर वनविभागाला कळवून उपचारासाठी ठेवलेल्या जखमी सापांचा होता. येथे आमचे म्हणणे थोडक्यात असे की सुटका केलेल्या निरोगी सापाला खाऊ घालण्याची गरजच नाही, तो शक्य तितक्या लवकर जवळच्याच योग्य अधिवासात सोडला गेला पाहिजे. आणि जखमी सापाला पशुवैद्यकांनी सांगितल्याखेरीज खायला घालू नये, कारण अशक्त सापाच्या पोटात अन्न न पचता कुजते आणि तो ते ओकून टाकतो. बऱ्याच सर्पमित्रांना हे अनुभवाने माहीत होते.

पांझरेकाठच्या एका दादांनी दिवड या पाणसापाचा प्रश्न काढला. दिवड मासे आणि बेडूक खातो. तो काही आठवडे उपचारात राहिला तर बाजारातले गोठवलेले मासे चालतील का? कार्प कुळातल्या अनेक माशांत थायमिनेज हे विकर असते. ते बी-१ जीवनसत्त्व नष्ट करते आणि गोठवल्यानेही त्याची क्रिया थांबत नाही. एकसारखे तेच मासे दिले तर सापाचा तोल जातो, डोके थरथरते, झटके येतात. नदीतले जिवंत बेडूक दिले तर वर सांगितलेल्या अळ्यांची वाट मोकळी होते. उत्तर पशुवैद्यकांवर सोपवले आहे. माशांचा प्रकार बदलणे आणि बी-१ चे पूरक देणे हे त्यांच्या देखरेखीखालीच व्हावे.

९ ऑगस्ट २०२५, जळगाव

आज माणसांना असलेल्या धोक्याचा भाग लिहिला. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा हा जिवाणू पसरतो आणि हातावरच्या बारीक खरचटीतूनही शिरतो. उंदराच्या चाव्याने येणाऱ्या तापाचे आशियात आढळणारे रूप काही आठवड्यांनी, चाव्याची जखम भरल्यावर उद्भवते, त्यामुळे डॉक्टरांना चाव्याची आठवण करून देणे रुग्णाचे काम असते. पोट बिघडवणारा साल्मोनेला हा जिवाणू उंदरातही असतो आणि सापातही.

प्लेगचा उल्लेख करावा की नाही यावर आमच्यात बराच वाद झाला. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत तो उद्भवला, तेव्हा सुरतेत कामाला असलेली खानदेशी कुटुंबे भुसावळच्या गाड्यांनी रातोरात गावी परतली होती. आमच्या भागातल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला ते दिवस आठवतात. आज त्या रोगाची भीती घालणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण त्यातून एक खरी खबरदारी मिळते: मेलेल्या उंदराचे अंग थंड पडले की त्याच्यावरच्या पिसवा दुसरे ऊबदार अंग शोधतात, आणि ते अंग उंदीर हाताळणाऱ्याचे असते. एवढेच दोन ओळींत ठेवले. लहान मुलांकडून पिंजरे उचलून घेऊ नयेत, हेही सोबत लिहिले.

२४ ऑगस्ट २०२५, जळगाव

"गोठवला की सगळे मरते" हा समज सर्वांत चिवट आहे. उणे १८ अंशांवर महिनाभर ठेवलेल्या उंदरातील बहुतेक कृमींच्या अळ्या आणि पिसवा-गोचिडी मरतात. साल्मोनेला तग धरतो. ब्रोमॅडिओलोनच्या मात्रेत काहीही फरक पडत नाही. गोठवणे हा पैदास केलेल्या उंदरासाठी चांगला उपाय आहे. रानातल्या उंदराला तो सुरक्षित करत नाही. शिवाय आपल्याकडे वीज जाते. अर्धवट वितळून पुन्हा गोठलेला उंदीर बाहेरून तसाच दिसतो, पण त्याचे पोट आतून कुजायला लागलेले असते. पाण्याने भरलेली छोटी वाटी आधी गोठवून तिच्यावर एक नाणे ठेवावे. नाणे बर्फात बुडालेले आढळले तर शीतपेटी मधल्या काळात वितळली होती असे समजून साठा टाकून द्यावा.

पर्याय सांगितल्याशिवाय मनाई करणे योग्य नाही, म्हणून घरगुती पैदासीचे गणित मांडले. पांढऱ्या उंदरांपैकी लहान जातीची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, पिल्ले आणखी तीन आठवड्यांत आईपासून वेगळी करता येतात. एक नर आणि दोन माद्या एका कॉर्न स्नेकसाठी पुरून उरतात. अडचण उन्हाळ्याची आहे. एप्रिल-मे मध्ये जळगावचा पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा उंदीर विणे थांबवतात आणि कूलर नसलेल्या खोलीत मरतात, म्हणून मार्चअखेरपर्यंत पुढच्या दोन-तीन महिन्यांचा साठा गोठवून ठेवावा लागेल. उंदीर मारण्याची पद्धत पशुवैद्यकाकडून शिकूनच घ्यावी. या प्राण्यालाही क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० लागू आहे आणि कायदा नसता तरी त्याला वेदना होतातच. ज्यांच्या घरात माळकरी वडीलधारी आहेत आणि फ्रिजमध्ये उंदीर चालणार नाही, त्यांच्यासाठी दोन-तीन पाळणाऱ्यांनी मिळून एक वेगळी शीतपेटी घेण्याची सूचना भुसावळच्या काकांची. तिला लगेच दोघांनी होकार दिला.

१४ सप्टेंबर २०२५, जळगाव

कच्चा मसुदा सर्वांनी मिळून वाचला. "आधीच रानातला उंदीर दिला असेल तर" हे पान नव्याने लिहिले. घाबरून सापाला ओकायला लावू नये आणि घरात पडलेल्या गोळ्या देऊ नयेत. उंदीर कुठून आणला, तिथे कोणते औषध टाकले होते आणि कोणत्या तारखेला, हे शेतकऱ्याला विचारून लिहून ठेवावे. तयार वड्यांचे वेष्टन मिळाले तर ते सोबत न्यावे. तोंडाची आतली कातडी पांढरट पडणे, तोंडातून किंवा विष्ठेतून रक्त येणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, अन्न ओकणे, कातडीखाली गाठी दिसणे यांपैकी काहीही आढळले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, आणि काहीच आढळले नाही तरी पुढच्या विष्ठेचा ताजा नमुना तपासावा.

नानांना मसुद्यातले विषांचे प्रकरण वाचून दाखवले. त्यांनी पुतण्याचे उंदीर देणे बंद केले आहे आणि औषध टाकल्याची तारीख आता ते खळ्याच्या भिंतीवर लिहून ठेवतात. मेलेले उंदीर बांधावर फेकण्याची त्यांच्याकडे रीत होती. ते कुत्री, घारी आणि घुबडे उचलतात, म्हणून तेही गोळा करून खोल खड्ड्यात पुरायला त्यांनी गड्याला सांगितले. पाळणाऱ्यांच्या शीतपेटीत रानातल्या उंदरांचा जो साठा आज पडून आहे त्याचे काय करायचे, याचे उत्तरही त्याच पानावर घातले: हातमोजे घालून, पिशवीतून काढून, विहिरीपासून दूर, कुत्र्याला उकरता येणार नाही इतक्या खोल पुरावा, आणि शीतपेटी रिकामी करून साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळल्यावरच नव्या साठ्यासाठी वापरावी.